हयातीचा दाखला

आमच्याकडे माणसाला भिंतीवर जायचं असेल, तर त्याला आधी वर जावं लागतं.

जिवंतपणी भिंतीवर जागा तिघांनाच: देव, कॅलेंडर आणि पाल. बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत त्याच भिंतीला पाठ टेकून बसायचं. माणूस गेला रे गेला की दहाव्याच्या आत फ्रेम तयार, वर चंदनाचा म्हणून विकला जाणारा हार, आणि खाली एक लाल बल्ब. ज्या आजोबांना हयातभर घरातली चांगली खुर्ची मिळाली नाही, त्यांना एकदम दिवाणखान्यातली मधली भिंत! बढती मिळावी तर अशी. फक्त ती घ्यायला कर्मचारी हजर नसतो.

माझं या पद्धतीशी भांडण आहे. नुसतं भांडण करून थांबणाऱ्यांपैकी मी नाही, त्यामुळे माझी मागणी लेखी देतो. प्रिय माणसाचं चित्र ते माणूस जिवंत असताना, त्याला समोर बसवून, घरच्याच माणसाने, आणि जलरंगात काढलं पाहिजे. अटी चार. चारही बंधनकारक.

तुम्ही म्हणाल, हा सांगणारा कोण? योग्य प्रश्न आहे. मी बी.कॉम. आहे. चित्रकलेतली माझी पदवी म्हणजे शाळेत असताना दिलेली एलिमेंटरी परीक्षा, श्रेणी सी. मात्र गेली वीस-बावीस वर्षं मी बँकेच्या काउंटरमागे बसून चेहरे बघतो आहे. आधी धुळ्याला, आता जळगावला. फॉर्मवरचा फोटो आणि फॉर्म भरणारा माणूस यांची गाठ घालून देणं हा माझा धंदा आहे. या विषयात माझ्याइतका अनुभव भल्याभल्या चित्रकारांना नसेल.

आता अटी एकेक घेऊ.

पहिली अट, माणूस जिवंत असताना. यात वाद घालण्यासारखं काय आहे, असं वाटेल. पण माणूस गेल्यावर घरात फोटोची जी शोधाशोध चालते ती आठवा. लग्नाचा अल्बम काढला जातो. त्यात नानांचा एकच बरा फोटो सापडतो, पण खांद्यावर कुणाच्या तरी मेव्हण्याचा हात. मग स्टुडिओवाला मेव्हणा कापतो, आणि हाताची चार बोटं नानांच्या खांद्यावर जन्मभर राहतात. (जन्मभर म्हणजे कुणाच्या, ते विचारू नका.) अल्बममध्ये नसलं तर पासपोर्ट साइज. पासपोर्ट साइज फोटोत आपण सगळेच पोलिसांना हवे असल्यासारखे दिसतो. तो मोठा करून लावला की आलेला पाहुणा हात जोडण्याआधी क्षणभर खिसा चाचपतो.

हे झालं हसण्यावारी. पण मागे आमच्या शाखेत एक तरुण आला. आई गेली होती, खातं बंद करायचं होतं. मृत्यूचा दाखला, वारसाचा फॉर्म, सगळं व्यवस्थित. शेवटी पासबुक जमा करायची वेळ आली तेव्हा तो ते सोडेना. म्हणाला, "साहेब, पैसे आज नाही दिले तरी चालतील. हा पहिल्या पानावरचा फोटो तेवढा काढून देता का? घरात दुसरा नाही." मोबाइलमध्ये होते, पण तो मोबाइल विहिरीत पडला होता. मी फोटो पाहिला. डोळ्यांत फ्लॅश, डोक्यावरचा पदर घाईने ओढलेला, आणि उजव्या गालावर बँकेचा जांभळा गोल शिक्का. त्या बाईचा अर्धा चेहरा शिक्क्याखाली. तो ब्लेडने सोडवायला मला सात मिनिटं लागली. मागे रांग उभी होती, आणि जळगावची रांग असूनही कुणी चकार शब्द काढला नाही.

एका आयुष्याची एवढीच शिल्लक घरात राहावी, तीही शिक्का मारलेली? माझा राग आहे तो इथे.

दुसरी अट, समोर बसवून. कॅमेऱ्याशी माझं वैर नाही. वैर धरीनच कसं, आमच्याच जिल्ह्यात चाळीसगावला केकी मूस होऊन गेले. टेबलावर चार वस्तू मांडून त्यातून अख्खा देखावा उभा करणारा हा छायाचित्रकार वर्षानुवर्षं घराबाहेर पडला नाही. 31 डिसेंबर 1989 ला ते गेले, आणि चित्रांनी-फोटोंनी भरलेलं त्यांचं घर मागे राहिलं. पण मूस मांडलेल्या वस्तूकडे बघत बसायचे. आपण बघत नाही, आपण क्लिक करतो. केकमागचा माणूस, गाडीसमोरचा माणूस, घृष्णेश्वराच्या रांगेतला माणूस. बघण्याचं काम आपण मोबाइलला सांगितलं आहे, आणि मोबाइल ते काम गॅलरीत टाकून विसरला आहे.

खोटं वाटत असेल तर परीक्षा घ्या. डोळे मिटा आणि सांगा: तुमच्या आईचा भांग मधून की बाजूने? वडिलांच्या कुठल्या भुवईचे केस लांब आहेत? बायकोच्या हनुवटीवर तीळ आहे की नाही? (हा प्रश्न तिच्यासमोर सोडवू नये.) आमच्या शाखेत मी ही परीक्षा नऊ जणांची घेतली. खातेदाराची सही 'र' च्या शेपटीवरून ओळखणारी ही माणसं. आठ जण नापास झाले आणि नववा अविवाहित निघाला.

जलरंगात चित्र काढायचं म्हणजे समोरच्याकडे निदान चाळीस मिनिटं बघावं लागतं. घरातल्या एका माणसाने दुसऱ्याकडे सलग चाळीस मिनिटं, भांडण नसताना, बघितल्याची शेवटची नोंद आपल्याकडे बहुधा पत्रिका जुळल्यानंतरच्या आठवड्यातली असते.

धुळ्याला आमच्या आत्याला मी अशी बसवली. आत्या सत्तरीच्या पुढची. कागद बघून आधी तिने तोफ डागलीच: "काय रे भाऊ, मी आजून जित्ती शे. मन्हा फोटू आत्तेच कसाले?" म्हटलं, फोटो नाही, चित्र आहे. आणि जित्ती आहेस म्हणूनच. मग म्हणाली, "बरा काढजो. पन तोंड बंद ठेवाले सांगू नको."

मी सांगितलं नाही, आणि तिने ठेवलं नाही. नाक झालं, ओठ झाले, डाव्या भुवईशी आलो तर भुवईच्या मधोमध एक पांढुरकी खाच. आमच्या कुटुंबात तीस-पस्तीस माणसं. ती खाच सगळ्यांनी पाहिलेली, कुणी कधी विचारलेली नाही. मी विचारलं. ती म्हणाली, "बहात्तरना दुष्काळ. खडी फोडाना कामवर व्हतू. कपची उडनी." सतरा-अठरा वर्षांची असेल तेव्हा. रक्त थांबेना, तर लुगड्याची चिंधी डोक्याला बांधली आणि संध्याकाळपर्यंत खडी फोडली. मध्येच घरी गेली असती तर दिवसाची हजेरी कापली असती. एवढं सांगून ती शेजारणीच्या सुनेकडे वळली.

माझ्या हातातला ब्रश वाळला होता. ती खाच मी रंगवली नाही. तेवढी रेघ कोरा कागद ठेवून सोडली. त्या चित्रात सर्वांत खरी जागा तीच आहे.

आता हाच चेहरा स्टुडिओत गेला असता तर पहिली ती खाच भरून निघाली असती. त्या माणसाचा दोष नाही. आपणच त्याला सांगतो, "जरा डाग-बिग काढून टाका." बहात्तरचा दुष्काळ म्हणजे डाग!

इथून आपण तिसऱ्या अटीवर येतो, चित्र घरच्या माणसाने काढावं. कारण बाहेरच्याला काम दिलं की आपण गिऱ्हाईक होतो, आणि गिऱ्हाईक झालं की आपल्या तोंडून एकच वाक्य निघतं: "थोडं गोरं करा." खानदेशच्या उन्हात पन्नास वर्षं कापूस वेचलेली माउली फ्रेममध्ये बघावी तर नुकतीच काश्मीरहून उतरल्यासारखी! नातवंडं विचारतात, ही कोण? मग सांगावं लागतं की ही तुझी आजी, पण गेल्यानंतरची.

आणि हे कुठे, तर अजिंठ्याच्या दारात. जळगावहून अजिंठा 60 किलोमीटरच्या आसपास. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी त्या चित्रकारांनी भिंतीवर सावळ्या, काळ्यासावळ्या राण्या आणि दासी अशा रंगवल्या की जग त्या बघायला येतं. त्यांना कुठल्या राजाने "थोडं गोरं करा" म्हटल्याचं दिसत नाही. म्हटलं असेल तर त्यांनी ऐकलं नाही. ते रंगही मातीचेच. पिवळी माती, तांबडी माती. आजच्या रंगपेटीतले येलो ऑकर आणि बर्न्ट सिएना म्हणजे तरी काय? एक पिवळी माती, दुसरी भाजलेली माती. त्यांना धरून ठेवणारा डिंक बाभळीच्या जातीच्या झाडाचा. आत्याचा रंग या पेटीत आधीपासून आहे. 'स्किन' म्हणून जी गुलाबी नळी विकत मिळते ती कुणाची कातडी आहे, हे मात्र मला धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत अजून दिसायचं आहे.

घरच्या माणसाच्या बाजूने खानदेशातला सर्वांत मोठा पुरावा तर मी अजून दिलेलाच नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता त्या ओव्या म्हणायच्या, आणि मुलगा सोपानदेव आणि एक मावसभाऊ त्या लिहून ठेवायचे. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या, 1952 मध्ये पुस्तक आलं, आणि महाराष्ट्र थक्क झाला. आता विचार करा, सोपानदेव म्हणाले असते, "हे काम तज्ज्ञाचं आहे, पुण्याहून कुणी येईल तेव्हा बघू," तर? काय राहिलं असतं? घरच्याने टिपलं म्हणून राहिलं.

"पण आम्हाला चित्र येत नाही हो!" असं म्हणणारे आता उठतीलच. कुणी तुम्हाला पुतळा उभारायला सांगितलेला नाही. तेही आमच्याकडच्या माणसाने करून दाखवलं आहे. धुळ्याजवळच्या गोंदूर गावात 1925 साली जन्मलेल्या राम सुतारांनी 182 मीटरचे सरदार पटेल घडवले. तुम्हाला फक्त वीतभर कागदावर आपली आई आणायची आहे. नाक चुकेल. चुकू द्या. नाक चुकलेलं चित्र आणि शिक्का बसलेला फोटो यांत मी केव्हाही नाक चुकवीन.

दुसरा गट उठतो तो भीतीचा. "जित्या माणसाचं चित्र काढू नये, आयुष्य कमी होतं." यांच्यासाठी मी एक दाखला राखून ठेवला आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात एक चित्र आहे, 'ग्लो ऑफ होप'. हातात दिवा घेतलेली एक तरुणी, दुसऱ्या हाताचा आडोसा, आणि बोटांच्या फटींतून येणारा तांबूस उजेड. लोक ते रवि वर्म्याचं समजून बघतात. रवि वर्मा 1906 सालीच गेले. हे चित्र 1945-46 च्या सुमाराचं. काढणारे आपल्या सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर. चित्र जलरंगात. आणि दिवा घेऊन समोर उभी असलेली ती तरुणी म्हणजे हळदणकरांची स्वतःची मुलगी, गीता. माझ्या चारही अटी एका फटक्यात पुऱ्या! आता आयुष्याचं विचाराल, तर त्या गीताबाई शंभरी ओलांडून 2018 साली गेल्या. चित्रामुळे आयुष्य वाढतं असं मी म्हणत नाही, बँकेत असल्यामुळे मला खात्रीशीर परताव्याचं आश्वासन देता येत नाही. पण कमी होत नाही, एवढं नक्की.

चौथी अट, जलरंगात. सर्वांत जास्त विरोध इथे होतो. जलरंग अवघड, तेलरंग सोपा, असं जाणकार सांगतात. बरोबर आहे, आणि माझा मुद्दाही तोच आहे. तेलरंग म्हणजे ओव्हरड्राफ्ट. चुकलं की खरवडा, वरून लावा, पुन्हा चुका. जलरंग म्हणजे रोख व्यवहार. काउंटर सोडण्यापूर्वी मोजून घ्या, नंतर तक्रार चालणार नाही. एकदा कागदाला लागलेला हात मागे घेता येत नाही, म्हणून लावण्यापूर्वी बघावं लागतं. शिवाय पांढरा रंग यात लावायचा नसतो, राखायचा असतो. डोळ्यातली चमक, नाकाच्या शेंड्यावरचा उजेड, पिकलेला केस हा सगळा कोरा कागद असतो. सुरुवातीलाच ठरवून ही किमान शिल्लक ठेवावी लागते. ज्याने ती आधी उधळली, त्याला नंतर पांढरा पोस्टर कलर फासत बसावं लागतं, आणि ते वटत नाही.

हवामानाची अडचण खरी आहे. मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या आसपास जातो. ब्रश वाटीतून उचलून आत्याच्या गालापर्यंत न्यावा, तो रंग वाटेतच वाळतो. त्यावर उपाय आहेत. सकाळी आठच्या आत बसावं. कागद जाड घ्यावा, 300 ग्रॅमचा, आणि मागून ओला करून घ्यावा. वाटीत ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाकले की रंग जरा उशिरा वाळतो. पावसाळ्यात उलट, रंग वाळतच नाही; चित्र तव्यापासून हातभर वर धरावं, आणि गालाच्या आधी भाकरी उलटावी. नळ्या चार पुरतात: येलो ऑकर, बर्न्ट सिएना, अ‍ॅलिझरिन क्रिमझन आणि अल्ट्रामरीन. सिएनात अल्ट्रामरीन मिसळला की आमच्याकडच्या चेहऱ्यांच्या सावल्या तयार. काळ्या रंगाची गरज नाही, आणि गुलाबीची तर नाहीच नाही.

राहता राहिलं ते मोबाइलमधलं बटण. हल्ली ते दाबलं की कुठल्याही फोटोचं दोन सेकंदांत जलरंगचित्र होतं. आमच्या हेडकॅशियरांच्या चिरंजीवांनी वडिलांचं करून आणलं. सुरेख होतं. कडा ओघळलेल्या, मागे निळं-पिवळं आभाळ, वडील दहा वर्षांनी लहान. सगळे वाहवा म्हणाले. मी चिरंजीवांना विचारलं, बाबांच्या कानात भिकबाळीचं भोक आहे, ते कुठल्या कानात? तो चित्रात शोधायला लागला. चित्रात नव्हतं, बटणाने बुजवून टाकलं होतं. बाबा तीन फुटांवर नोटा मोजत बसले होते. तिकडे बघावं असं त्याला सुचलं नाही.

आता शेवटचं. दर नोव्हेंबरात आमच्या काउंटरवर पेन्शनरांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा बँकेला पटवून द्यावं लागतं; नुसतं समोर उभं राहून भागत नाही. 2014 पासून सरकारने 'जीवन प्रमाण' नावाची सोय केली. आता पेन्शनराने घरबसल्या मोबाइलसमोर डोळे मिचकावले तरी तो जिवंत असल्याचं दिल्लीला कळतं. शेजारच्या खोलीत बसलेल्या मुलाला कळतंच असं नाही.

म्हणून माझी सूचना अशी की, बँकेचा दाखला दिल्यावर त्याच रविवारी घरचाही एक दाखला करून घ्यावा. खुर्ची खिडकीशी ओढावी, माणूस बसवावं, आणि चाळीस मिनिटं त्याच्याकडे बघावं. बोलू द्यावं. भुवईतली खाच, कानातलं भोक, जे दिसेल ते विचारावं. खाली तारीख टाकावी, आणि त्या माणसाची सहीसुद्धा घ्यावी; फार तर अंगठा, आम्हाला दोन्ही चालतं. मग ते चित्र सरळ भिंतीवर लावावं, हार न घालता. भिंतीवरच्या आत्याने खालच्या आत्याकडे बघावं, आणि खालच्या आत्याने "नाक काय काढंस रे भाऊ!" म्हणून रोज शिव्या द्याव्यात. मधल्या भिंतीचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

याला फी नाही, टोकन नाही, आधार कार्डाची झेरॉक्स लागत नाही. वाटीभर पाणी मात्र लागतं. पण नळाला तेवढं तर आमच्या धुळ्यातसुद्धा येतं.